विज्ञानाचा दिनविशेष फळ्यावर लिहायचाय? आधी घड्याळ बघा

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक पांढरा फळा आहे. त्यावर पाणी कधी जाणार आणि मेंटेनन्स कोणाचा थकलाय एवढंच असायचं, मग मी खालच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायला लागले, तोही फक्त खगोल, अंतराळ आणि विज्ञानाचा, कारण बाकीच्या जयंत्या-पुण्यतिथ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असतातच. पहिल्याच वर्षी २० जुलैला मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, "२० जुलै १९६९, रविवार. आजच्या दिवशी माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं." संध्याकाळी बघते तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फळ्यासमोर काठी टेकून उभे. म्हणाले, "अगं, रविवार नव्हता तो, सोमवार होता. मी डबा घेऊन निघालेलो, रेडिओवर सांगत होते म्हणून दारातच थांबलो आणि गाडी चुकली. लेट मार्क लागला होता मला."

मी मनात म्हटलं, आजोबांचं वय झालं. घरी येऊन बघितलं तर २० जुलै १९६९ ला रविवारच होता, म्हणजे सोमवार २१ ला. आणि आर्मस्ट्राँगने पाय खाली टेकवला तेव्हा अमेरिकेत रविवारची रात्र होती, पण आपल्याकडे सोमवार सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती. आजोबा बरोबर, फळा चूक. म्हणजे पूर्ण चूक नाही, अमेरिकेच्या हिशोबाने बरोबरच, पण माझं "आजच्या दिवशी" आमच्या बिल्डिंगमधे राहणाऱ्या, तो दिवस स्वतः बघितलेल्या माणसाला लागू होत नव्हतं.

तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या त्या इथे लिहिते. शाळेचा फळा असो, वाचनालयाचा असो नाहीतर फॅमिली ग्रुप, सगळीकडे चालतील.

सगळ्यात आधी एक वही करा, किंवा एक्सेल शीट. रकाने असे: तारीख, वार, काय झालं, कुठे झालं, तिथली वेळ, भारतीय वेळ, आणि शेवटचा रकाना "संध्याकाळी काय करायचं". हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर मी ती तारीख सहसा घेतच नाही. वर्षाचे ३६५ दिवस भरायच्या फंदात पडू नका, मी पडले होते, मार्चपर्यंत कोणीही वाचेनासं झालं. महिन्याला दोन-तीन तारखा भरपूर होतात.

आता घड्याळ. अंतराळातल्या घटनांच्या वेळा बहुतेक ठिकाणी यूटीसीत, म्हणजे साधारण ग्रीनिचच्या वेळेत दिलेल्या असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे, बस. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरलं २० जुलैला २०:१७ ला, साडेपाच मिळवले की २५:४७, म्हणजे आपल्याकडे २१ ची मध्यरात्र उलटून १:४७. स्पुटनिक १, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह, सोडला ४ ऑक्टोबर १९५७ ला १९:२८ ला, म्हणजे भारतात ५ तारीख लागून ५८ मिनिटं झालेली. उलटंही होतं. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी, तेव्हा अमेरिकेत अजून २३ ची रात्र होती. मी आता असं करते की जगभर जी तारीख मानतात तीच वर लिहायची, उगाच आपलं वेगळं काढायचं नाही, पण खाली बारीक अक्षरात भारतीय वेळ द्यायची. चंद्राच्या बाबतीत मात्र दोन दिवस घेते, २० ला रात्री "आज रात्री १:४७ ला" आणि २१ ला सकाळी "८:२६, पाऊल".

घड्याळानंतर कॅलेंडर. साधारण साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची तारीख आली की थांबायचं आणि देश कोणता ते बघायचं. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ असंही सापडतं आणि ४ जानेवारी १६४३ असंही, आणि दोन्ही बरोबर. युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मधे नवीन कॅलेंडर घेतलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर, पण इंग्लंड जुनंच धरून बसलं ते १७५२ पर्यंत, त्यामुळे न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडात नाताळ होता आणि तिकडे इटलीत जानेवारी उजाडला होता. यावरून एक फेमस गोष्ट आहे, ती मी सुद्धा शाळेत भाषणात ठोकली होती, की ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, पण ही इटलीतली म्हणजे नव्या कॅलेंडरची तारीख, आणि न्यूटनची इंग्लंडातली जुनी, एकच कॅलेंडर दोघांना लावलं की वर्षं वेगळी होतात. स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ ला जन्मले, गॅलिलिओ गेल्याला बरोब्बर ३०० वर्षं झाली त्या दिवशी, हा योगायोग मात्र खरा आहे, खुशाल लिहा. रशियाने तर कॅलेंडर १९१८ मधे बदललं, म्हणून ३० जून १९०८ चा सायबेरियातला तुंगुस्काचा स्फोट (आता त्याच दिवशी लघुग्रह दिन पाळतात) त्यांच्या त्या काळच्या कागदांत १७ जूनला सापडतो.

पुढचा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. नेमकं काय झालं त्या दिवशी? दिसलं, कळलं की जाहीर झालं? प्लूटोचं बघा. काचेच्या प्लेटांवर फोटो काढले जानेवारी १९३० मधे, त्या काचांवर सरकलेला ठिपका अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेतल्या क्लाइड टॉमबॉला दिसला १८ फेब्रुवारीला, आणि जगाला सांगितलं १३ मार्चला. १३ मार्चच का, तर ती युरेनस सापडल्याची तारीख, १७८१ ची, आणि ज्याने ती वेधशाळा काढली त्या पर्सिव्हल लॉवेलचा वाढदिवस सुद्धा. म्हणजे हे लोकही आपल्यासारखे मुहूर्त बघणारेच! गुरुत्वीय लहरींचं (अवकाशातल्या प्रचंड धडकांतून पसरणारे तरंग) तसंच, सिग्नल आला १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्या घड्याळात दुपारचे ३:२० झालेले, आणि जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०१६ ला, मधले पाच महिने नुसतं तपासणं चालू होतं. मी शोधाची तारीख घेते आणि जाहीर कधी केलं ते ओळीत लिहिते. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला तसल्याच लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, त्यामुळे १४ सप्टेंबर आपल्याकडच्या फळ्यावर हवाच.

आता हेलियम. हे जरा सविस्तर सांगते कारण यात आपलं विजयदुर्ग आहे आणि घोळ पण भरपूर आहे. दर १८ ऑगस्टला मेसेज येतो की १८६८ साली याच दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रजाने खग्रास ग्रहण बघताना हेलियम शोधला, किल्ल्यावर त्याच्या दुर्बिणींचे चौथरे, "साहेबाचे ओटे", अजून आहेत, चला हेलियम दिवस साजरा करू. ओटे आहेत, खरं आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हेही खरं. फक्त लॉकियर साहेब त्या दिवशी इंग्लंडात होते. ग्रहण बघायला गुंटूरला आलेला होता पिएर जान्सेन, फ्रेंच माणूस, त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणारा पट्टा) बघितला, त्यातल्या रेषा इतक्या झगझगीत होत्या की त्याला वाटलं ग्रहण नसतानाही दिसतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या खरंच बघितल्या. तिकडे लॉकियरने हेच काम स्वतंत्रपणे लंडनमधून केलं, २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाबिहणाशिवाय. त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ होती पण त्यांच्यावर बसत नव्हती, ती कुठल्यातरी नवीन मूलद्रव्याची असणार असं पुढे लॉकियर म्हणायला लागला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव हेलियम पडलं. पृथ्वीवर तो हातात आला १८९५ च्या मार्चमधे, विल्यम रॅमसेला, युरेनियमच्या एका खनिजातून, तोपर्यंत कित्येकांचा विश्वास नव्हता.

मग विजयदुर्गचे ओटे कशाचे? लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडून सुद्धा जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर. मोठी मोहीम होती, बोटीवरचे खलाशी सुद्धा दुर्बिणींच्या कामाला लावलेले. त्याच ग्रहणाला आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, भारतीय माणसाने स्वतःची मोहीम नेलेली, आणि त्यांच्या नावाने एक फॉरवर्ड येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तर मी काय करते, १८ ऑगस्टला फळ्यावर गुंटूर आणि जान्सेन लिहिते, आणि विजयदुर्ग २२ जानेवारीला. एकदा कोकणातल्या एका शेजाऱ्यांना हे आवडलं नाही, "आमचा हेलियम काढून घेतला तुम्ही" म्हणाले. म्हटलं अहो, काढून नाही घेतला, तुम्हाला जानेवारीत एक जास्तीचा सण दिला, तोही थंडीत, ऑगस्टात त्या किल्ल्यावर पावसात काय दिसणार?

फॉरवर्डचा विषय निघालाय तर २७ ऑगस्टचं पण सांगून टाकते. दरवर्षी येतं, "आज रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र!" याचं मूळ खऱ्या घटनेत आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या खूपच जवळ आला होता, साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, सुमारे ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. मूळ मजकुरात होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ तेवढा दिसेल जेवढा नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो, त्यातली दुर्बीण कोणीतरी खाल्ली, नंतर वर्ष पण खाल्लं, राहिली फक्त तारीख. साल नसलेला दिनविशेष म्हणूनच कधी घेऊ नका. आणि फोटो असेल तर तो त्याच दिवसाचा आहे का ते बघा. बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह आणि सायकलवर नेलेला रॉकेटचा तुकडा हे दोन फोटो कायम एकत्र येतात, "थुंबा १९६३" असं लिहून (थुंबा म्हणजे केरळातलं आपलं रॉकेट सोडायचं केंद्र). सायकल थुंब्याची आहे, पण बैलगाडीवरचा तो आपला ॲपल नावाचा उपग्रह आहे, १९८१ चा. धातूविरहित जागा हवी होती चाचणीला म्हणून बैलगाडी आणली, गरिबी म्हणून नाही!

मोजणी. "५० वं वर्ष" आणि "५० वर्षं पूर्ण" यात आपण हमखास घोळ करतो. लहान मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे एक पूर्ण, दुसरं सुरू, तेच लावायचं. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ ला गेला, ५० वर्षं पूर्ण झाली १९ एप्रिल २०२५ ला, ५० वं वर्ष त्याच्या आदल्या एप्रिलपासूनच सुरू होतं. रौप्य, सुवर्ण, हीरक, अमृत हे सगळं ठीक आहे, पण मला स्वतःला सहस्रचंद्रदर्शन फार आवडतं, हजार पौर्णिमा बघितल्या की करतात ते. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस आणि थोडं वर, गुणिले हजार, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. स्पुटनिकचं सहस्रचंद्रदर्शन २०३८ च्या ऑगस्टात येतंय, लिहून ठेवलंय मी. ग्रहांचं वर्ष पण मजेचं पडतं. नेपच्यून सापडला २३ सप्टेंबर १८४६ ला, त्याला सूर्याभोवती एक चक्कर मारायला जवळजवळ १६५ वर्षं लागतात, म्हणजे सापडल्यापासून त्याचा पहिला "वाढदिवस" २०११ मधे झाला. प्लूटोचा अजून व्हायचाय, २१७८ मधे. हे लिहिलं त्या दिवशी पोरं फळ्यासमोर उभी राहून आपली आपली वयं मंगळाच्या वर्षांत काढत होती (दिवसात वय काढा आणि ६८७ ने भागा).

शब्द जपून वापरा. जानेवारीचा शेवट वाईट असतो, २७ जानेवारी १९६७ अपोलो १ ची आग, २८ जानेवारी १९८६ चॅलेंजर यानाचा अपघात, १ फेब्रुवारी २००३ कोलंबिया यानाचा, कल्पना चावला त्यातच गेल्या. मी हे एकत्र लिहिते आणि नावं लिहिते, बाकी काही नाही. आमच्या ग्रुपवर एकाने कोलंबियाच्या दिवशी "हॅपी कोलंबिया डे" टाकून फुगे पाठवले होते, नंतर डिलीट केलं, पण तोपर्यंत सात जणांनी अंगठे दाखवले होते.

आता शेवटचा रकाना, संध्याकाळी काय करायचं. सगळ्यात सोपी आणि हमखास जमणारी तारीख ७ जानेवारी. १६१० साली त्या रात्री गॅलिलिओने गुरूकडे दुर्बीण लावली आणि शेजारी तीन बारके तारे एका ओळीत दिसले, पुढच्या रात्री ते जागा बदलून बसलेले, १३ तारखेला चौथा दिसला, ते गुरूचे चंद्र होते. हे करायला महागडी दुर्बीण लागत नाही, १०×५० चा साधा बायनॉक्युलर पुरतो, मात्र हात हलता कामा नये, गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवा किंवा झाडूच्या दांड्यावर बायनॉक्युलर टेकवा, मी झाडूच वापरते. गुरू त्या वर्षी संध्याकाळी वर आहे ना तेवढं मोबाईलवरच्या आकाशाच्या ॲपमधे आधी बघून घ्या, नसेल तर तारीख गेली खड्ड्यात, गुरू दिसेल त्या महिन्यात करा. मुलांना एक-एक कोरा कागद द्या, मधे गोल, बाजूला ठिपके, खाली वेळ. तीन रात्री सलग. आमच्याकडे दुसऱ्या रात्री दुसरीतली एक मुलगी कालचा कागद आणि आजचा कागद शेजारी धरून ओरडली, "काकू, हा इकडचा तिकडे गेला!" तिच्या वडिलांना आधी पटेना, मग त्यांनी स्वतः बघितलं, मग जेवण राहिलं बाजूला.

२८ फेब्रुवारी विज्ञान दिन, रामन परिणामाचा दिवस, १९२८, कोलकाता. या दिवशी शाळांतून ज्वालामुखीचे मॉडेल वगैरे करतात, सोडा आणि व्हिनेगर, त्याचा रामनशी काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. काही जण हळदीच्या पाण्यावर निळा लाइट टाकून हिरवट चमक दाखवतात आणि हाच रामन परिणाम म्हणतात, तो नाही, ते प्रतिदीप्तीकरण, फ्लुरोसन्स. रामन परिणाम इतका फिकट असतो की घरी दाखवणं अवघड, तर खरं ते सांगा: एका रंगाचा प्रकाश द्रवातून गेला की विखुरलेल्यातला अगदी थोडा भाग किंचित बदललेल्या रंगाने बाहेर येतो, आणि त्या बदलावरून आत कुठले रेणू आहेत ते कळतं. जमलं तर मुलांना घेऊन खोडदला जा, नारायणगावजवळ, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं आणि एरवी लांबून बघायच्या तबकड्या जवळून दिसतात. डबा आणि टोपी न्या, सावली कमी आहे.

२३ ऑगस्ट सोपा आहे. चंद्रयान ३ उतरलं २०२३ ला संध्याकाळी ६:०४ ला, आता तो राष्ट्रीय अंतराळ दिन आहे, आणि प्रत्येकाला आपण तेव्हा कुठे होतो ते आठवतं. मी फळ्यावर फक्त प्रश्न लिहिते, "६:०४ ला तुम्ही कुठे होतात?" आणि मार्कर दोरीला बांधून ठेवते. मागे वॉचमन काकांनी लिहिलं होतं, "गेटवर. मोबाईल बघत होतो. सॉरी."

पुढच्या मोठ्या तारखा आत्ताच वहीत टाका म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. २८ फेब्रुवारी २०२८, रामन परिणामाला १०० वर्षं, सोमवार आहे, शाळा चालू असतील. १८ फेब्रुवारी २०३०, प्लूटोला १००. पण त्याआधी २०२७ मधे व्हॉयेजर या दोन अमेरिकन अंतराळयानांना ५० वर्षं, आणि माझी सगळी तयारी त्याची चालू आहे. व्हॉयेजर २ आधी गेलं, २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ नंतर, ५ सप्टेंबरला (एक नंबर नंतर का गेलं हे मुलं विचारणारच, उत्तर असं की त्याचा रस्ता जवळचा होता, गुरूपाशी तेच आधी पोचलं). दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, त्यात ५५ भाषांतले नमस्कार, त्यात मराठी पण आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटांची. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, आणि व्हॉयेजर १ उडालं त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या.

५ सप्टेंबर २०२७ ला रविवार आहे. गणेश चतुर्थी आदल्या दिवशी, शनिवारी, म्हणजे रविवारी संध्याकाळी दीड दिवसाचे गणपती निघणार. व्हॉयेजर १ उडालं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून २६ मिनिटं झाली होती. मंडळाच्या सेक्रेटरींना मी आत्तापासून सांगून ठेवलंय, मांडवातला स्पीकर सव्वासहाला मला द्या, साडेतीन मिनिटं फक्त, मग तुमचा बेंजो. ते म्हणाले, विसर्जनाला भैरवी, चालेल की.